जी आळीपाळी चालूच आहे, ती कागदावर आणा

पत्र

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा प्रभारी वैद्यकीय अधीक्षक आहे. माझ्याशिवाय तिघे वैद्यकीय अधिकारी आहेत. एक पन्नाशी ओलांडलेले सीनियर, त्यांचं घर जिल्ह्याच्या गावी. एक मॅडम, मुलगी दीड वर्षाची, नवरा अमरावतीला नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. तिसरा सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला मुलगा, पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. भिंतीवर ड्यूटी लिस्ट लागते, पण चालते आपसातली ॲडजस्टमेंट : दोन दिवस हा, दोन दिवस तो. मीही कधी हरकत घेतली नाही.

मागच्या महिन्यात रविवारी रात्री एक अडलेली बाई आली. लिस्टवर ज्यांचं नाव होतं ते गावी गेलेले. त्यांच्याऐवजी जो थांबणार होता, त्याला वाटलं आपली पाळी सोमवारपासून. सिस्टरनी १०८ बोलावून पुढे पाठवलं. आई आणि बाळ सुखरूप आहेत, पण नातेवाइकांनी मोठा गोंधळ घातला आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. एकजण म्हणतात, लिस्ट मागच्या तारखेनं बदलून टाका. दुसरे म्हणतात, आठ-आठ तासांच्या कडक पाळ्या लावा आणि मॅडमना बालसंगोपन रजेवर पाठवा. मी काय करू?

उत्तर

नमस्कार डॉक्टर,

मागच्या तारखेचं आधी बोलू. त्या लिस्टला हात लावू नका. प्रसूती कक्षाचं रजिस्टर, १०८ च्या कॉलची नोंद, सिस्टरचं रिपोर्ट बुक आणि चौघांचे मोबाइल, या सगळ्यांत त्या रात्रीची खरी हकीगत नोंदलेली आहे. आज तुमच्यावर ठपका आहे तो देखरेखीतल्या ढिलाईचा. कागद बदललात तर तो खोट्या अभिलेखाचा होईल, आणि त्यात ज्या सिस्टरनी त्या रात्री एकटीनं निभावलं तिलाही ओढलं जाईल. नोटिशीला जे घडलं तेच उत्तर द्या, आणि सोबत नवी ड्यूटी लिस्ट जोडा. ती कशी असावी, हाच या पत्राचा मुख्य भाग आहे.

तुमच्याकडची ॲडजस्टमेंट हा काही तुमच्या लोकांचा विशेष दुर्गुण नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं ग्रामीण रुग्णालयांत गेली, आणि जिथे जिथे डॉक्टर टिकले तिथे कुठल्या ना कुठल्या रूपात ही आळीपाळी होतीच. तालुक्याच्या गावी मुलांची शाळा मनासारखी नसते, क्वार्टर गळकं असतं, जोडीदाराची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात असते. माणूस सलग दोन दिवस घरी जाऊ शकला तर उरलेले पाच दिवस मन लावून काम करतो. ही गरज खरी आहे. ती तोंडी भागवली गेली, यात चूक झाली. तोंडी व्यवस्थेत कोण कधी सुटला आणि कोण कधी बांधला गेला हे सिस्टरला माहीत नसतं, आशाताईला माहीत नसतं, आणि त्या रविवारी तर खुद्द डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. म्हणून माझा सल्ला एका ओळीत : ॲडजस्टमेंट मोडू नका, ती लिहून काढा, तिच्यावर सह्या घ्या आणि दर्शनी भिंतीवर लावा.

आठ तासांच्या पाळ्यांचा आग्रह धरणाऱ्यांना हिशेब दाखवा. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित रजा, ८ नैमित्तिक रजा वजा करा, २७५ उरतात. प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा, शिबिरं अजून धरलेलीच नाहीत. तीन पाळ्यांत चोवीस तास एक डॉक्टर हजर ठेवायचा तर या हिशेबानं चार डॉक्टर लागतात, आणि त्यात तो पूर्ण वेळ एकटाच असेल. सकाळच्या ओपीडीला दुसरा हवा असेल तर पाचही पुरत नाहीत. तुम्ही धरून चारजण आहात आणि तुमच्या डोक्यावर कार्यालयाचं ओझं आहे. कडक पाळ्या लावल्यात तर पंधरा दिवसांत कोणीतरी आजारी पडेल आणि लिस्ट पुन्हा भिंतीपुरती राहील.

लिस्ट करायला बसण्याआधी मागच्या तीन महिन्यांची रजिस्टरं काढा : अपघात विभाग, प्रसूती कक्ष, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेस), पीएम (शवविच्छेदन). कोणत्या वारी, किती वाजता, किती रुग्ण आले हे एका कागदावर मांडा. क्लार्कवर सोपवू नका, स्वतः बसा. एका संध्याकाळचं काम आहे आणि बरंच काही दिसेल. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी फुगते हे तुम्हाला माहीत आहेच, पण ती किती वाजेपर्यंत फुगलेली राहते हे आकड्यात पाहा. मारामारीच्या केसेस आणि पोलिसांनी तपासणीला आणलेली माणसं साधारण कोणत्या तासांत येतात ते पाहा. रात्री बारा ते सहा या वेळात डॉक्टरला किती वेळा उठावं लागलं, हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आठवड्यात दोनदा उठावं लागत असेल तर रात्रीच्या कॉल ड्यूटीचं स्वरूप एक, रोज चारदा उठावं लागत असेल तर पूर्ण वेगळं.

तुमच्या जिल्ह्यात ऋतूही मोजावा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते दिवस तिथल्या कोणत्याही डॉक्टरला नव्यानं सांगायला नकोत. सर्पदंशही त्याच महिन्यांत. तेव्हा जुलै ते ऑक्टोबरची लिस्ट वेगळी असू द्या. लांब रजा, अभ्यासाची रजा, घरचं लग्नकार्य हे सगळं शक्यतो हिवाळ्या-उन्हाळ्यात बसवायचं आणि हे मार्चमध्येच सगळ्यांना सांगून टाकायचं.

यानंतर तिघांना वेगवेगळं बोलवा आणि प्रत्येकाला एकच विचारा : आठवड्यातलं असं काय आहे, जे मिळालं तर बाकीचं तुम्ही कुरकुर न करता कराल? सगळ्यांना एकच गोष्ट हवी असेल अशी आपली समजूत असते. तसं क्वचितच असतं. तुमच्या पत्रावरूनच मला दिसतं की सीनियरना शनिवार-रविवार घर हवं आहे, मॅडमना आठवड्याच्या मधल्या रात्री मोकळ्या हव्या आहेत कारण तेव्हा मुलीजवळ कोणी नसतं, आणि बाँडवरच्या मुलाला अभ्यासाला सलग दिवस हवे आहेत, मग ते कोणतेही वार असोत. या तीन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

आता नमुना पाहा. रात्रीची ड्यूटी आठ ते सकाळी साडेआठ. सोमवार, मंगळवार, बुधवारच्या रात्री बाँडवरचा डॉक्टर. गुरुवारी सकाळी तो सुटेल तो शनिवारी सकाळी हजर होईल. त्याला सलग ४८ तास मिळाले. शनिवार आणि रविवारचे दिवस तो करेल. सीनियर सोमवार ते बुधवार दिवसा, गुरुवार आणि शुक्रवार रात्री. शनिवारी सकाळी ते सुटतील ते सोमवारच्या ओपीडीला येतील. मॅडम सोमवार ते शुक्रवार दिवसा, चार वाजेपर्यंत, ओपीडी आणि प्रसूती कक्ष सांभाळतील, आणि शनिवारची रात्र त्यांची, कारण त्या रात्री मुलीचे वडील घरी असतात. रविवारची रात्र तुमची, सोमवारची सकाळ तुम्हाला मोकळी, मंगळवार ते शनिवार दिवसा तुम्ही. जी रात्र नेमकी बुडाली होती ती प्रमुखानं स्वतःच्या नावावर घेतली की बाकीच्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

कोणाला जास्त, कोणाला कमी, ही कुरबुर होणार. त्यावर उपाय म्हणून रात्र दीडपट धरा. वरच्या नमुन्यात बाँडवरच्या मुलाचे साडेसहा, मॅडमचे साडेसहा, तुमचे साडेसहा आणि सीनियरचे सहा दिवस भरतात. सीनियरना अर्धा दिवस कमी पडतो, तर कोर्टाच्या साक्षी आणि शवविच्छेदनाचा जादा भार त्यांच्याकडे द्या. तसाही त्यांचा हात त्यात बसलेला असेल. हा हिशेब सर्वांसमोर मांडा. मॅडमना रात्री कमी आहेत हे उघड दिसेल, आणि त्यांच्या वाट्याला ओपीडीचे पाच दिवस आहेत हेही तितकंच उघड दिसेल.

हा नमुना जसाच्या तसा उचलू नका, तुमच्या रजिस्टरांनी वेगळं सांगितलं तर वेगळा करा. पण काही गोष्टींत तडजोड करू नका.

एक म्हणजे रात्र झाल्यावरची विश्रांती. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायदा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मुभा देतो, म्हणजे ०.०३ टक्के. रात्रभर जागलेला डॉक्टर सकाळी दीडशे पेशंटची ओपीडी करतो, मग पीएम करतो आणि दुपारी स्वतः गाडी चालवत घरी निघतो, हे आपण इतकं सवयीचं करून घेतलं आहे की त्यात धोका आहे असं कोणी म्हणतसुद्धा नाही. रात्र ज्यानं केली त्याच्याकडे सकाळची ओपीडी नको, पीएम नको आणि झोप काढल्याशिवाय त्यानं स्टिअरिंगला हात लावायला नको. सीनियर शनिवारी सकाळी निघतील तेव्हा एसटीनं जावेत, किंवा दुपारपर्यंत झोपून निघावेत. हे लिस्टखाली लिहा.

दुसरी गोष्ट, बाँडवरच्या मुलाला रात्री एकटं टाकू नका. तो एमबीबीएस झाला आहे, हुशार असेल, पण मण्यार चावलेल्या पेशंटचा श्वास बंद पडायला लागतो किंवा फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपीन या उताऱ्याचा डोस वाढवत न्यावा लागतो, ती वेळ पुस्तकातल्यासारखी येत नाही. प्रत्येक रात्रीसमोर दुसऱ्या कॉलचं नाव असलं पाहिजे. तो माणूस गावात असेल, फोन चालू असेल आणि बोलावल्यावर येईल. आणि बोलावल्याबद्दल दुसऱ्या दिवशी कोणी त्या मुलाला टोमणा मारणार नाही, ही जबाबदारी तुमची. एकदा का सीनियर म्हणाले की ‘एवढ्यासाठी उठवलंस?’, की पुढच्या वेळी तो फोन करणार नाही. पहिल्या काही रात्री तुम्ही किंवा सीनियर त्याच्यासोबत थांबा.

तिसरी, चार्ज. सिस्टर पाळी बदलताना खाटेखाटेला जाऊन चार्ज देतात. डॉक्टर मात्र व्हरांड्यात भेटले तर बोलतात. पाळ्या जितक्या सोयीच्या कराल तितकी माणसं जास्त बदलतील, आणि जितकी माणसं बदलतील तितकं काहीतरी मधल्यामध्ये गळेल. मेळघाटात बाहेरच्या जिल्ह्यांतून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाठवले जातात. माणूस नसण्यापेक्षा ते बरंच, पण गेलेल्यानं कोणती बाई जोखमीची म्हणून ठेवली होती हे आलेल्याला कळलं नाही तर त्या पंधरा दिवसांचा निम्मा उपयोग वाया जातो. म्हणून सकाळी साडेआठला आणि रात्री आठला वॉर्डातच उभं राहून चार्ज द्यायचा : भरती असलेले गंभीर रुग्ण, प्रसूती कक्षात कोण आहे, कोणाला पुढे पाठवलं आणि तो पोहोचला का, कोणत्या एमएलसीचे कागद राहिलेत. एक वही आणि दोन सह्या. ही वही असती तर तो रविवार टळला असता.

मॅडमबद्दल स्पष्ट सांगतो. त्यांना रजेवर पाठवू नका. राज्य सरकारनं २०१८ पासून दिलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा त्यांचा हक्क आहे, ती कधी घ्यायची हे त्यांनी मुलीच्या गरजेप्रमाणे ठरवावं. दवाखान्याची अडचण दूर करायला ती वापरणं अन्याय आहे. शिवाय ते तुमच्याही नुकसानीचं आहे. त्या रजेवर गेल्या तर तिघं उरतील. त्या राहाव्यात म्हणून काय करता येईल ते पाहा. ड्यूटी रूमला आतून लागणारी कडी, स्वच्छ संडास, रात्री वॉर्डापासून क्वार्टरपर्यंत चालू दिवे आणि सोबतीला चौकीदार, यातलं काय आहे आणि काय नाही हे रात्री दहा वाजता स्वतः चालून बघा.

त्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. अत्याचाराच्या प्रत्येक केसला, त्यांची सुट्टी असली तरी, पोलिस त्यांनाच बोलावतात ना? पीडिता अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते, तिथे पर्याय नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत कायदा नोंदणीकृत डॉक्टर म्हणतो, महिलाच हवी असं म्हणत नाही. तिची संमती असेल आणि दुसरी स्त्री हजर असेल तर पुरुष डॉक्टर तपासणी करू शकतो. पण बाई ‘मॅडमच हव्यात’ म्हणाली तर मॅडमनाच बोलवायचं, तिचं ऐकणं पहिलं. अशा प्रत्येक बोलावण्याची नोंद ठेवा आणि त्याची बदली सुट्टी द्या. शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर असतील तर एकमेकींच्या सुट्टीत त्यांनी धावून जायचं असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून लेखी ठरवा.

कोर्टाच्या समन्सनं लिस्ट मोडते ही जुनी तक्रार. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात साक्ष दृक्श्राव्य माध्यमातून घेता येण्याची सोय आहे. सरकारी वकिलांना आधी पत्र द्या. प्रत्येक वेळी होईल असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच होणार नाही.

भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाहेरून येत असतील तर त्यांचे वार ठरवून घ्या आणि त्या वारी नियोजित शस्त्रक्रिया ठेवा. महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी असतेच, स्त्रीरोगतज्ज्ञांची एक भेट तिथे पक्की बांधा. जोखमीच्या माता त्यांनी एकदा पाहिल्या की रात्रीच्या निम्म्या धावपळी आधीच दिसू लागतात.

सिस्टरांची लिस्ट इन्चार्ज सिस्टरना करू द्या. त्या तुमच्यापेक्षा चांगली करतील. फक्त रात्री प्रसूती कक्ष आणि वॉर्ड मिळून एकच सिस्टर, असं होत असेल तर ते आधी थांबवा, आणि नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) कापून ओपीडी चालवू नका.

आता नियमांचं. ‘मुख्यालयी राहणं’, म्हणजे नेमणुकीच्या गावीच मुक्काम, हा शब्द आपल्या सगळ्यांच्या मानेवर आहे, म्हणून लिस्टमध्ये प्रत्येक डॉक्टरसमोर तीनपैकी एक शब्द लिहा : ड्यूटी, कॉल, मोकळा. ड्यूटी म्हणजे आवारात. कॉल म्हणजे गावात, बोलावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हजर. मोकळा म्हणजे मुख्यालय सोडायला परवानगी आहे, पण लेखी अर्जानं, सही होऊन. ही परवानगी देण्याचे तुमचे अधिकार किती, हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी मागवा. मोकळ्या दिवशी हजेरीपटावर कोणाचीही सही नको. आपसात बदल करायचा तर चालेल, पण बदल वहीत लिहून, दोघांच्या सह्या होऊन, तुम्हाला आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला कळल्यावरच. तोपर्यंत जबाबदारी जुन्या नावाचीच.

हे सगळं वर पाठवताना हात थरथरेल, मला कल्पना आहे. वाटेल, आपणच कबूल केलं की आमचे डॉक्टर सातही दिवस गावात नसतात. डॉक्टर, ते वरच्यांनाही माहीत आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी दवाखान्यात तातडीचा उपचार वेळेत न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या खटल्यातला माणूस रेल्वेतून पडला होता आणि एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं होतं. उद्या तुमच्या दारात काही विपरीत घडलं तर विचारलं जाईल ते हेच, की त्या घडीला कोण जबाबदार होतं. चारही नावं रोज हजर दाखवणारा हजेरीपट त्याचं उत्तर देऊ शकत नाही. एक नाव ड्यूटीवर आणि एक कॉलवर दाखवणारी खरी लिस्ट देते.

जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लिहाल तेव्हा वरचा २७५ दिवसांचा हिशेब, तीन महिन्यांचे आकडे आणि नवी लिस्ट असे तीन कागद जोडा, आणि तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर चालवायची मान्यता मागा. कायमची मागू नका, कायमच्याला सही होत नाही. तीन महिन्यांनी रेफरचे (पुढे पाठवलेल्या रुग्णांचे) आकडे आणि रात्रीच्या प्रसूतींचे आकडे घेऊन पुन्हा जा. नाकारलंच तर तेही लेखी मागा.

लिस्टची एक प्रत केसपेपरच्या खिडकीशी मोठ्या अक्षरात लावा, एक आशाताईंच्या ग्रुपवर रोज सकाळी टाका : आज दिवसा कोण, रात्री कोण, दुसऱ्या कॉलला कोण. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सरपंचांना आणि सदस्यांना समजावून सांगा की डॉक्टर गुरुवारी दिसला नाही तर तो पळालेला नाही, तीन रात्री करून झोपला आहे. लोकांना हे कळतं, सांगितलं तर.

आणि त्या रात्रीच्या सिस्टरना बोलावून, सगळ्यांसमोर, त्यांचे आभार मानले नसतील तर आजच माना. त्यांनी वाट पाहत बसण्याऐवजी वेळेत १०८ बोलावली, म्हणून आज आई आणि बाळ घरी आहेत.